दुचाकीचे ‘ॲव्हरेज’ : गाडी एक, आकडे अनेक

भारतीय कुटुंबाच्या दळणवळणाचा कणा कोणता, या प्रश्नाचे उत्तर रेल्वे किंवा बस असे दिले जात असे. गेल्या तीन दशकांत हे उत्तर बदलले आहे. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ११.७ टक्के कुटुंबांकडे स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी असल्याचे आढळले. दूध संकलन केंद्रावर कॅन पोचविणारा शेतकरी, औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका आणि शहरात घरपोच सेवा देणारा तरुण या सर्वांच्या उपजीविकेचे ते साधन आहे.

अशा वाहनाबाबत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : “गाडी ॲव्हरेज किती देते?” आणि याच प्रश्नावर सर्वाधिक मतभेद होतात. एकाच कंपनीची, एकाच वर्षी घेतलेली, एकाच इंजिन क्षमतेची गाडी एका चालकाला लिटरमागे ६५ किलोमीटर देते, तर दुसऱ्याला जेमतेम ५०. पहिला दुसऱ्याच्या हाताला दोष देतो, दुसरा पहिल्याला अतिशयोक्त ठरवतो आणि दोघे मिळून कंपनीच्या जाहिरातीतील आकड्यावर अविश्वास दाखवितात. वस्तुतः हे तिन्ही आकडे बहुधा आपापल्या जागी खरे असतात. ते तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात, एवढेच. परिस्थिती सांगितल्याशिवाय इंधनक्षमतेच्या आकड्याला अर्थ नसतो, हे सूत्र समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. घरखर्चाच्या हिशेबापासून राष्ट्रीय इंधन धोरणापर्यंत या सूत्राचा उपयोग होतो.

प्रश्नाचे राष्ट्रीय परिमाण

पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने करवून घेतलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय अभ्यासानुसार देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१.४२ टक्के पेट्रोल दुचाकींना लागत होते. मोटारींचा वाटा ३४.३३ टक्के होता. म्हणजे पेट्रोलचा प्रमुख ग्राहक मोटारमालक नसून दुचाकीस्वार होता. २०२३-२४ मध्ये देशाचा पेट्रोलचा वापर सुमारे ३.७ कोटी टन झाला. दुचाकींचा वाटा अद्याप तेवढाच आहे असे गृहीत धरल्यास, त्यांच्या इंधनवापरात केवळ ५ टक्के बचत झाली तरी वर्षाला सुमारे ११ लाख टन पेट्रोल वाचू शकते. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीने भागविणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

या प्रश्नाला किमतीचीही बाजू आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर दरांचा आढावा दररोज घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे आंतरराष्ट्रीय दरांतील चढउतार आणि करांतील बदल थेट ग्राहकापर्यंत पोचू शकतात. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर राहिल्याने त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्यांचा मूल्यवर्धित कर आकारला जात आला आहे. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. लिटरला ६० किलोमीटर मिळाले तर १६.७ लिटर पेट्रोल लागते आणि ४५ मिळाले तर २२.२ लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा दर १०० रुपये धरल्यास महिन्याचा फरक सुमारे ५५० रुपये होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात या रकमेचे मोल वेगळे सांगावयास नको.

चाचणीतील आकडा कसा ठरतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये प्रत्येक नव्या वाहनाच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि हरियाणातील मानेसर येथील इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी या त्यांपैकी दोन प्रमुख संस्था होत. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. वाहन प्रयोगशाळेत डायनामोमीटरच्या फिरत्या रुळांवर उभे करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार त्याचा वेग वाढवितात, कमी करतात, थांबवितात. या वेळापत्रकाला ‘चालन चक्र’ म्हणतात. इंधनाचा वापरही टाकी भरून मोजीत नाहीत. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन या वायूंतील एकूण कार्बन मोजून किती इंधन जळाले ते काढतात.

पूर्वी दुचाकींची चाचणी ‘भारतीय चालन चक्रा’वर होत असे. १०८ सेकंदांचे हे चक्र सहा वेळा फिरविले जाई. ६४८ सेकंदांत वाहन ३.९४८ किलोमीटर धावे. त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि कमाल वेग ४२ किलोमीटर होता. महामार्गावर ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाच्या अनुभवाचा त्यात समावेशच नव्हता. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून सर्व दुचाकींना लागू झाली. त्या टप्प्यात संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत तयार झालेले ‘जागतिक मोटारसायकल चाचणी चक्र’ स्वीकारण्यात आले. इंजिनाची क्षमता व गाडीचा कमाल वेग यांनुसार त्यात वर्ग पाडलेले आहेत. लहान गाड्यांना मंद वेगाचा भाग, तर मोठ्या गाड्यांना जलद वेगाचे भागही पार करावे लागतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके आली आणि बहुतेक दुचाकींतील कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण यंत्रणेने घेतली.

प्रमाणित आकड्याचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. सर्व नमुने एकाच परीक्षेला बसतात, म्हणून कोणता नमुना अधिक काटकसरी हे त्यावरून कळते. अमुक रस्त्यावर, अमुक चालकाला किती किलोमीटर मिळतील, याचे आश्वासन तो देत नाही. जाहिरातीत तो आकडा मोठ्या अक्षरांत आणि ‘मानक चाचणी परिस्थितीत’ हे शब्द बारीक अक्षरांत छापले गेले की गैरसमजाला वाव मिळतो. म्हणूनच एकाच चाचणी चक्रावरील आकड्यांचीच परस्परांशी तुलना करावी. जुन्या व नव्या चक्रावरील आकडे शेजारी ठेवून गाड्या ‘बिघडल्या’ किंवा ‘सुधारल्या’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

रस्त्यावर फरक का पडतो?

पेट्रोलमधील ऊर्जा प्रामुख्याने तीन कामांसाठी खर्च होते : गाडीला वेग देणे, टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध सहन करणे आणि हवेचा रोध भेदणे. इंजिनात मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, तो निराळाच.

पहिला घटक थांबे. गाडी व चालक यांचे एकत्रित वस्तुमान १८० किलोग्रॅम मानू. ताशी ४० किलोमीटर वेगाला या वस्तुमानाची गतिज ऊर्जा सुमारे ११ किलोज्यूल असते. ब्रेक लावला की ती सर्व उष्णतेत जाते आणि पुन्हा वेग घेताना नव्याने पुरवावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोचतो असे धरले, तर प्रत्येक थांब्याची किंमत सुमारे १.७ मिलिलिटर पेट्रोल एवढी होते. विनाथांबा लिटरला ६५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे १५.४ मिलिलिटर पेट्रोल लागते. किलोमीटरला दोन थांबे आले की हा खर्च सुमारे १८.९ मिलिलिटर होतो आणि ॲव्हरेज ६५ वरून ५३ वर येते. मागे ७० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती बसली, तर ते ५० च्या आसपास उतरते. हा हिशेब ढोबळ आहे. तथापि, ६५ व ५० या दोन आकड्यांत कोणाचाही खोटेपणा नसू शकतो, हे त्यावरून स्पष्ट होते. पहिला चालक तालुक्याच्या मोकळ्या रस्त्याने एकटा जातो, दुसरा सिग्नलमागून सिग्नल ओलांडत पत्नीला कामावर सोडतो.

दुसरा घटक वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास हा रोध अडीचपटीहून अधिक होतो. मोटारसायकलवर ताठ बसलेल्या चालकाचे शरीर वारा अडविते, त्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीला हा भार विशेष जाणवतो. म्हणून ‘महामार्गावर ॲव्हरेज वाढते’ आणि ‘महामार्गावर ॲव्हरेज घटते’ ही दोन्ही विधाने अनुभवास येतात. मध्यम व स्थिर वेग ठेवणाऱ्याला पहिले विधान पटते, तर वेगाची हौस असणाऱ्याला दुसरे.

तिसरा घटक निगा व सवयी. टायरमधील कमी हवा, कोरडी किंवा अति ताणलेली चेन, तुंबलेला एअर फिल्टर आणि घासत राहणारा ब्रेक यांमुळे रोध वाढतो किंवा ज्वलन बिघडते. अर्धा क्लच दाबून गाडी चालविणे, सिग्नलवर इंजिन चालू ठेवणे, थंड इंजिनावर रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणे यांमुळेही इंधन अधिक लागते. नव्या गाडीचे भाग परस्परांशी जुळेपर्यंतचे आकडेही काहीसे कमी येऊ शकतात.

तंत्रज्ञानाचा वाटाही मोठा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडत असे. १९८५ मध्ये हीरो होंडाने सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. कमी इंधनात अधिक अंतर हा तिच्या लोकप्रियतेचा पाया ठरला. पुढे उत्सर्जनाची मानके कडक होत गेली आणि दोन-स्ट्रोक इंजिने भारतीय रस्त्यांवरील नव्या दुचाकींतून मागे पडली. ‘ॲव्हरेज’ हा भारतीय ग्राहकाच्या निवडीचा प्रमुख निकष बनला तो याच प्रवासात.

मोजमापातील चुका

अनेक वाद गाडीमुळे नव्हे, तर मोजण्याच्या पद्धतीमुळे उद्भवतात. गाडी रिझर्व्हला आल्यावर दोनशे रुपयांचे पेट्रोल भरून पुन्हा रिझर्व्ह येईपर्यंतचे अंतर मोजणे, ही रूढ पद्धत ढोबळ आहे. टाकी काठोकाठ भरून मोजणे अधिक बरे. तथापि, गाडी एकदा मधल्या स्टँडवर आणि एकदा बाजूच्या स्टँडवर उभी करून टाकी भरली, तर पातळीत सहज फरक पडतो.

समजा, १८० किलोमीटर अंतरानंतर टाकीत ३ लिटर पेट्रोल मावले. आकडा ६० येतो. भरण्यात २०० मिलिलिटरची चूक झाली असेल, तर खरा आकडा ५६ ते ६४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. हेच मोजमाप ५४० किलोमीटर व ९ लिटरवर केले, तर तेवढ्याच चुकीने आकडा ५८.७ ते ६१.४ एवढ्याच मर्यादेत हलतो. अंतर जितके मोठे, तितका चुकीचा परिणाम लहान होतो. यासाठी किमान चार-पाच वेळा टाकी भरेपर्यंतची नोंद ठेवून एकूण अंतराला एकूण पेट्रोलने भागावे. टायर झिजला की चाकाचा परीघ घटतो आणि चाकाच्या फेऱ्यांवर चालणारे ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडे अधिक अंतर दाखविते, हेही लक्षात ठेवावे. पंपावरील मापाबाबत शंका असल्यास वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या चौकटीत प्रमाणित केलेल्या पाच लिटरच्या मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे.

गणिताचीही एक मेख आहे. पहिल्या १०० किलोमीटरला ६० आणि पुढील १०० किलोमीटरला ४० असे ॲव्हरेज मिळाले, तर एकूण ॲव्हरेज ५० नसते. एकूण ४.१७ लिटर पेट्रोल लागले, म्हणून ते ४८ असते. समान अंतरांसाठी येथे अंकगणितीय मध्य चालत नाही, हरात्मक मध्य घ्यावा लागतो.

‘किलोमीटर प्रतिलिटर’ या एककामुळे आणखी एक भ्रम होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो दाखवून दिला. ७० वरून ८० आणि ४० वरून ५० या दोन्ही सुधारणा दहा-दहा किलोमीटरच्याच दिसतात. मात्र १०० किलोमीटर अंतरासाठी पहिल्या सुधारणेत सुमारे ०.१८ लिटर वाचते, तर दुसऱ्या सुधारणेत ०.५ लिटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आधीच काटकसरी असलेल्या गाडीचे दोन-चार किलोमीटर वाढविण्यापेक्षा कमी ॲव्हरेज देणारी जुनी, बिघडलेली गाडी दुरुस्त करणे देशाच्या व कुटुंबाच्या अधिक हिताचे आहे, हा त्याचा मथितार्थ. ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असा विचार केला की हे आपोआप कळते.

इथेनॉलचा वाद

अलीकडील मतभेदांचे केंद्र इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हे आहे. १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ‘ई-२०’ चे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर त्याची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोचले. आयातीची बचत, ऊस व धान्य उत्पादकांना बाजारपेठ आणि उत्सर्जनात घट ही या कार्यक्रमाची उद्दिष्टे आहेत.

एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मधील ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी आणि ई-१० च्या तुलनेत सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी रचना केलेल्या व ई-१० साठी जुळविलेल्या दुचाकींच्या इंधनक्षमतेत ई-२० मुळे ३ ते ४ टक्के घट अपेक्षिली होती. २०२५ मध्ये अनेक चालकांनी याहून बरीच अधिक घट झाल्याची तक्रार केली. पेट्रोलियम मंत्रालयाने मोठ्या घटीचे दावे अमान्य केले. ई-२० संबंधीची एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

या वादाकडे वर मांडलेल्या सूत्राच्या आधारे पाहावे. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीत ४ टक्के घट म्हणजे २.४ किलोमीटर. तीन लिटरच्या एका भरण्यात होणारी चूकच चार किलोमीटरपर्यंत असू शकते. म्हणून एका टाकीच्या अनुभवावरून घट सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. त्याचबरोबर, घट लहान आहे म्हणून ती नगण्य मानणेही उचित नव्हे. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीस ४ टक्के घटीमुळे सुमारे ०.७ लिटर, म्हणजे १०० रुपये दराने वर्षाला आठशेहून अधिक रुपये जादा लागतात. ग्राहक पेट्रोल लिटरवर विकत घेतो, ऊर्जेवर नाही. लाभ राष्ट्राचा व भार व्यक्तीचा असेल, तर त्या भाराची दखल किमतीत कशी घ्यावी, हा रास्त धोरणात्मक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा विश्वसनीय मोजमापांच्या आधारेच होऊ शकते.

धोरणाची दिशा

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये प्रवासी मोटारींसाठी उत्पादकनिहाय सरासरी इंधनवापराची मानके २०१७-१८ पासून लागू झाली व २०२२-२३ पासून ती अधिक कडक करण्यात आली. पेट्रोलचा मोठा वाटा वापरणाऱ्या दुचाकींचा मात्र या मानकांत समावेश नव्हता. स्पर्धेमुळे भारतीय दुचाकी काटकसरी झाल्या, हे खरे. तथापि, अधिक शक्तीच्या गाड्यांकडे ग्राहकांचा कल वाढत असताना केवळ स्पर्धेवर विसंबणे पुरेसे नाही.

युरोपीय संघात २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. या नोंदींवर आधारित २०२४ च्या अहवालात पेट्रोल व डिझेल मोटारींचा रस्त्यावरील इंधनवापर प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के अधिक आढळला. प्रयोगशाळा व रस्ता यांतील दरी अन्यत्रही आहे. ती मोजून जाहीर केल्याने वाद संपले नाहीत, पण त्यांना पाया मिळाला. आपल्याकडे इंधन अंतःक्षेपण असलेल्या दुचाकीत किती इंधन फवारले गेले याची माहिती संगणकीय नियंत्रकाला असतेच. चालकाची ओळख न उघड करता अशा नोंदी संकलित झाल्या, तर शहर, गाव व महामार्ग यांसाठी वेगवेगळे आकडे देणारे लेबल शक्य होईल. विद्युत दुचाकींच्या ‘एका चार्जमध्ये किती किलोमीटर’ या दाव्यांनाही हीच कसोटी लावावी लागेल, कारण थांबे, वेग व वजन यांचे नियम इंधन बदलले तरी बदलत नाहीत.

सारांश, ‘ॲव्हरेज किती?’ या प्रश्नाला ‘कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगाने, किती वजनासह आणि कसे मोजले?’ हा उपप्रश्न जोडला पाहिजे. असे केल्यास दोन चालकांमधील वाद माहितीच्या देवाणघेवाणीत रूपांतरित होईल, ग्राहकाला डोळसपणे निवड करता येईल आणि देशाच्या इंधन धोरणाला तळातून आधार मिळेल.

सरावासाठी प्रश्न

१. प्रमाणित इंधनक्षमता व रस्त्यावरील इंधनक्षमता यांत फरक पडण्याची कारणे उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. १,००० किलोमीटर अंतरासाठी ४५ वरून ५० आणि ६५ वरून ७५ किलोमीटर प्रतिलिटर या दोन सुधारणांपैकी कोणतीत अधिक पेट्रोल वाचेल? (उत्तर : पहिलीत सुमारे २.२ लिटर, दुसरीत सुमारे २.०५ लिटर.)

३. ‘इथेनॉल मिश्रणाचे लाभ सामूहिक आहेत, पण त्याचा भार वैयक्तिक आहे.’ या विधानाची चिकित्सा करा.

४. दुचाकींसाठी इंधनवापराची मानके ठरविताना कोणत्या बाबी विचारात घ्याव्यात?